पाखरांचा पंचनामा

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे कळविण्यात येते, की यवतमाळ जिल्ह्यातील समस्त पक्षी, मग ते कायम वास्तव्यास असोत, हिवाळ्यापुरते आलेले असोत किंवा केवळ वाटेत थांबलेले असोत, यांच्यावर गेल्या तीन वर्षांपासून एका सेवानिवृत्त मंडळ अधिकाऱ्याची करडी नजर असून सदर अधिकारी दर रविवारी सकाळी समक्ष पाहणीस येत आहेत. तरी पक्ष्यांनी आपापल्या फांदीवर वेळेवर हजर राहावे. गैरहजर पक्ष्याची नोंद 'उडून गेला' अशी घेतली जाईल आणि त्याची संपूर्ण जबाबदारी, नेहमीप्रमाणे, सदर अधिकाऱ्याच्या पत्नीवर राहील.

ती पत्नी मी.

मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत, यांची होऊन तीन झाली. म्हणजे आमच्या घरात एक माणूस सहा दिवस राबतो, एक माणूस सातही दिवस सुट्टीवर असतो, आणि दोघांचा मिळून जो एक रविवार उरतो तो पाखरांना दिलेला आहे. यांच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणं झाली. एक जण म्हणाले, साहेबांनी आयुष्य नोकरीला दिलं, आता घरच्यांना वेळ द्यावा. मी पहिल्या रांगेत बसून जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून आठवतात.

कारण यांनी खरोखरच वेळ दिला. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघराची तपासणी झाली. कोणता डबा कुठे, डब्यावर एक लिहिलेलं असताना आत दुसरंच का, अशी विचारणा माझ्याकडे झाली. साखरेच्या डब्यात रवा निघाला तेव्हा यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी गायरानावर घर बांधून बसले आहे. मी देवाला म्हटलं, या माणसाला कशात तरी गुंतव. देवाने ऐकलं. पण माझं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तो उठून गेला असावा.

सकाळच्या फिरण्यात यांना एक निवृत्त मुख्याध्यापक भेटले. गावातल्या पक्षीमित्र मंडळाचे ते अध्यक्ष. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हिरवी टोपी, आणि बोलताना आपल्या खांद्यावरून मागच्या झाडाकडे पाहण्याची सवय. दारव्हा रोडवर विजेच्या तारेवर बसलेलं एक मळकट पाखरू त्यांनी यांना दाखवलं. यात काय पाहायचं, असं हे म्हणणार तेवढ्यात ते उडालं आणि पंख उघडले तर आत सगळा निळाच निळा रंग. नीलपंख. हे घरी आले ते चहा न पिता ओट्याशी उभे. "अगं, बंद असला तं मातीसारखा, आन् उघडला तं असा!" असं म्हणून दोन्ही हात पसरले, त्यात दुधाचं पातेलं गेलं.

आठ दिवसांत कॅमेरा आला.

आता यांच्या नोकरीविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, नाही तर पुढचं सगळं मी रचून सांगते आहे असं वाटेल. हे तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. गारपीट झाली, गोठा जळला, पुरात विहीर खचली, रानडुकरांनी उभं पीक झोपवलं, की हे जाऊन पंचनामा करणार. जागेवर काय दिसलं ते लिहायचं, चारही बाजूंना काय आहे ते लिहायचं आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, की होय, हे आमच्यासमोर पाहिलं. पुढे फोटोचे दिवस आले, तेव्हा फोटोचीही पद्धत ठरून गेली. ज्याचं नुकसान झालं त्याला त्या जागेवर उभं करायचं, हातात पाटी द्यायची आणि नुकसानीकडे बोट दाखवायला लावायचं. आमच्या जिल्ह्यात असं बोट दाखवून उभं राहिलेलं माणूस नाही असं गाव सापडायचं नाही. यांनी इतकी वर्षं तेच फोटो काढले. त्यामुळे फोटो म्हणजे कोणीतरी कशाकडे तरी बोट दाखवायचं, याखेरीज दुसरा फोटो यांना माहीतच नाही. आमच्या मुलीच्या लग्नात यांनी काढलेल्या एका फोटोत नवरदेव जिलबीकडे बोट दाखवून उभा आहे.

पहिल्या रविवारी आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर गेलो. पाण्यात एक खुंटा होता, त्यावर खंड्या बसला होता. सुंदर, निळा, चोच तांबडी, अगदी फोटोसाठीच बसल्यासारखा. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला म्हणाले, "जा, तिथं उभी राहा."

"मी? कायले?"

"पंच नको का?"

"अहो, पाखराचा फोटो आहे ना?"

"मंग? उद्या कोणी म्हटलं, हा खंड्या या तळ्यावरचा नाहीच, तं काय दाखवू?"

"खंड्याबद्दल कोण कायले खोटं बोलन?"

"तू पाटी धर."

पाटी खरीखुरी होती. माझ्याच शाळेतून मीच आणून दिलेली. "एक पाटी आण" असं हे म्हणाले होते आणि कशाला ते मी विचारलं नव्हतं. संसारात हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला की काय होतं ते मी आज सांगते आहे. मी पाटी धरली, काठाकाठाने खंड्याच्या दिशेने चार पावलं गेले आणि बोट उचललं. खंड्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो उडाला. त्याच क्षणी कॅमेऱ्याचा आवाज झाला.

हा आमचा पहिला फोटो. त्यात तळं आहे, खुंटा आहे, पाटी आहे, मी आहे आणि माझं बोट आहे.

पुढची तीन वर्षं हाच फोटो निघत राहिला. झाड बदललं, ऋतू बदलला, माझी साडी बदलली. बाभूळ आणि मी. पळस आणि मी. विजेचा खांब आणि मी. प्रत्येकात मी अत्यंत आत्मविश्वासाने रिकाम्या फांदीकडे बोट दाखवते आहे. मुलगी पुण्याहून फोन करून म्हणाली, "आई, बाबांनी पाठवलेले फोटो मी ऑफिसात दाखवले. सगळे विचारतात, तुझ्या आईला काही दिसतं का?"

पंच दोन लागतात. दुसरे पंच म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले मिस्त्री. यांची पहिली मोटरसायकल त्यांनीच दुरुस्त केली होती, तेव्हापासूनची दोस्ती. आता त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे, जी त्यांच्याशिवाय कोणाचंच ऐकत नाही. दर रविवारी गॅरेज मुलाच्या हवाली करून ते जीप काढतात आणि आम्हाला नेतात. पक्ष्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही. जीप बाहेर काढायला कारण मिळतं, एवढंच. मला ते भाभी म्हणतात आणि माझी बाजू घेतात, पण नेमकी नको तेव्हा.

"साहेब," त्यांनी एकदा रजिस्टर समोर आल्यावर विचारलं, "मी तं पंछी पाह्यलाच नाही. सही कशी करू?"

"भाभीचं बोट पाह्यलं ना?"

"बोट तं पाह्यलं."

"मंग करा सही."

हो, रजिस्टरही आहे. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी कण्याचं. त्यातली एक नोंद मी वाचून दाखवते, म्हणजे माझं कसं चाललं आहे ते कळेल. 'समक्ष पाहणी केली असता बाभळीच्या पूर्वेकडील तिसऱ्या फांदीवर एक वेडा राघू बसलेला आढळून आला. चतुःसीमा: पूर्वेस नाला, पश्चिमेस गावाकडे जाणारा रस्ता, उत्तरेस पळसाचे झाड, दक्षिणेस जीप. सदर पक्षी पाहणी सुरू असताना कोणासही न कळवता निघून गेला. वरील मजकूर पंचांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' खाली माझी सही. तिच्याखाली मिस्त्रींची उर्दूतली सही. अशी तीन रजिस्टरं भरली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. घरात एखादा छंद असतो, माणूस सहन करतो. पण त्या मंडळाचं दरवर्षी एक प्रदर्शन असतं. गावातल्याच एका मोठ्या सभागृहात, उन्हाळा लागायच्या आधी, तीन दिवस. प्रत्येक सभासदाने एकच फोटो द्यायचा, आपल्या जिल्ह्यात काढलेला. आणि मुख्याध्यापकांचा नियम असा, की फोटोत पक्षी स्वच्छ दिसला पाहिजे आणि माणूस मुळीच दिसता कामा नये.

यांचा नियम असा, की पंचाशिवाय फोटो नाही.

पहिल्या वर्षी यांनी खाटीक पक्ष्याचा फोटो दिला. म्हणजे रिकाम्या तारेचा. मुख्याध्यापकांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "फोटो चांगला आहे. बाईंचा." दुसऱ्या वर्षी यांनी टिटवीचा दिला. टिटवी होती, पण माझ्या पाटीच्या मागे. मुख्याध्यापकांनी अगदी मुलाला समजवावं तसं समजावलं, "साहेब, तुम्ही बाईंना घरी ठेवून एक दिवस एकटे जा. पक्षी काही तुमच्यावर केस करणार नाही." सगळे हसले. हेही हसले. मग घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि ज्या माणसाला सिग्नलला थांबल्यावरही समोरच्या दुकानाच्या पाटीतल्या चुका सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्या माणसाचं गप्प बसणं फार मोठं वाटतं.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मुख्याध्यापकांचा तो नियम हाच माझा एकमेव आधार होता. मी भिंतीवर टांगली जाणार, माझ्या शाळेच्या मुली रांगेने येऊन पाहणार, आमच्या मुख्याध्यापिकाबाई चष्मा पुसून पाहणार, की मराठीच्या बाई हातात पाटी घेऊन रिकाम्या काटकीकडे कशाला बोट दाखवताहेत, या संकटातून तो नियम मला दोन वर्षं वाचवत होता.

यंदा संक्रांतीनंतर एका संध्याकाळी हे कॅमेऱ्याची काच पुसत होते. जुन्या बनियनच्या मऊ कापडाने, गोल गोल, बराच वेळ. मग म्हणाले, "यंदाही फोटो नाही लागला तं मी मंडळात जाणार नाही. कपाटात ठेवून देतो हा."

"काहून?"

"तीन वर्ष झाले. लोक म्हणतात, साहेबाले काही दिसतच नाही."

माझे रविवार मला परत मिळत होते. सकाळी सातपर्यंत झोप, दुपारी वाचन, संध्याकाळी मैत्रिणी. मी पेढे वाटायला पाहिजे होते. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "मग एकदा तरी मला बाजूला ठेवून काढा ना! किती सोपं आहे!"

"एकट्यानं पाह्यलेलं कोणी खरं धरत नाही," हे म्हणाले आणि पुसत राहिले.

आणि मला चीड आली, कारण हे तसं का म्हणतात ते मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी ते मला सांगितलं नव्हतं. एका रविवारी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून मिस्त्रींना सांगितलं, मी मागे डबा सांभाळत ऐकलं. नोकरीला लागले त्याच वर्षी वणीकडच्या एका गावात एका म्हातारीचा गोठा जळला होता. हे पोचले तेव्हा अख्खं गाव शेजारच्या गावी लग्नाला गेलेलं. पंच कुठून आणणार? यांनी सगळं नीट पाहिलं, एकट्यानेच नीट लिहिलं, राख, वासे, दावणीचा खुंटा सुद्धा, आणि कागद पाठवून दिला. तो परत आला. शेरा होता, पंच नाहीत. तोवर पाऊस येऊन राखही वाहून गेलेली. म्हातारीला काही मिळालं नाही. हे तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, "तुमी पाह्यलं न बाबू? मंग झालं तं." ती तेवढ्यावर खूश होती, असं हे मिस्त्रींना दोनदा म्हणाले. तेव्हापासून हा माणूस काहीही एकट्याने पाहत नाही. देवळाचा कळस दिसला तरी मला ढोसतो, "पाह्य."

अशा माणसाला काय म्हणायचं? मी म्हटलं, "येत्या रविवारी कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊ. पाखरं नाहीत, कॅमेरा नाही, पाटी नाही. नुसतं दर्शन."

"बरं," हे म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी मी जांभळी रेशमी साडी नेसले, केसात अबोलीचा गजरा घातला. पायात मात्र खेळाचे बूट, कारण टाच दुखते. दर्शन झालं. पायऱ्या उतरून कुंडापाशी हात जोडले, हातात प्रसादाची पिशवी घेतली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रविवारी मला माणसांसारखं वाटलं. परत येताना सागाच्या जंगलाशी जीप थांबली. पाणी टाकावं लागेल, असं मिस्त्री म्हणाले. नंतर त्यांनी कबूल केलं, की जीप अगदी ठणठणीत होती. आणि सीटखालून कॅमेरा निघाला.

"हे काय?"

"असू द्या, भाभी," मिस्त्री म्हणाले. "देवाच्या दारातून आलो. आज पंछीबी इमानदार राहीन."

मी उतरले आणि रागारागाने झाडांत शिरले. सागाची पानं गळून पडली होती, ताटाएवढी, वाळलेली, पावलागणिक पापड मोडल्यासारखा आवाज. दहाएक पावलांवर मी सावलीला थांबले. पुढचं पाऊल टाकणार, तर पायाशी हातभर अंतरावर पडलेल्या एका पानाने डोळा उघडला.

मी ओरडले नाही. तीन वर्षांत एवढं तरी शिकले होते. पानाला चोच होती, अगदी बारीक. अंग होतं, पण ते पानांचंच होतं, तसेच तपकिरी ठिपके, तशाच रेघा. डोळा पुन्हा मिटून फटीएवढा झाला आणि पक्षी नाहीसा झाला. तिथेच बसलेला होता आणि नाहीसा झाला. मी मागे हात करून बोटं हलवली. हे आले. मी दाखवलं. यांना दिसेना. मी पुन्हा दाखवलं.

"रातवा," हे कुजबुजले. "अगं, रातवा आहे हा. रात्री रस्त्यावर गाडीच्या उजेडात दिसते फक्त. दिवसा... दिवसा कोणाले दिसते?" मी मनात म्हटलं, काढा, आता काढा, हा माणूस फक्त बटण दाबेल आणि आपण घरी जाऊ.

"पाटी!" हे म्हणाले.

मला वाटलं, रातव्याच्या आधी मीच उडून जाईन. पण पाटीही सीटखालीच होती. मिस्त्री ती आणायला गेले, जाताना पापड मोडले, येताना मोडले. पक्षी हलला नाही. यांनी पाटीवर खडूने लिहिलं, खडू करकरला. पक्षी हलला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा उडणारच नाही. आपण कोणालाही दिसत नाही, अशी त्याची खात्री होती. तीन वर्षांत प्रथमच समोरचा पक्षी मला घाबरत नव्हता.

"अहो," मी अगदी हळू म्हटलं, "आता तरी नुसत्या पक्ष्याचा काढा. बसलेला आहे तो. मी बाजूला होते."

आणि, मला हे मान्य करावंच लागेल, यांनी ऐकलं. मी झाडाआड झाले. यांनी कॅमेरा लावला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. "कुठं गेला?"

"कुठं जाईल? तिथंच आहे."

"दिसत नाही. नुसता पालाच आहे." फोटो काढला, पडद्यावर पाहिलं. सागाची पानं. उत्तम आली होती. मिस्त्रींनी पडद्यात डोकं घातलं. "साहेब, याच्यात तं काहीच नाही."

"ये बाई," हे मला म्हणाले, आणि आवाजात विनवणी होती. "बोट दाखव."

मी गेले. एका हातात पाटी आणि प्रसादाची पिशवी, दुसऱ्या हाताचं बोट खाली, पक्ष्यापासून वीतभरावर. "अजून खाली. थोडं डावीकडं. वाक. पाटी सरळ धर. हलू नको." मी वाकून उभी. कंबर म्हणाली, बस झालं. तेवढ्यात बुटात एक मुंगळा शिरला. मोठा, काळा. तो घोट्यापासून सुरुवात करून निवांत वर निघाला. मी ओरडू शकत नव्हते, हलू शकत नव्हते. मुंगळा चावला. मी तोंड उघडलं आणि आवाज आतच ठेवला, डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर आठ्या पडल्या, आणि कॅमेऱ्याचा आवाज झाला.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक फोटो गोळा करायला आमच्या घरी आले. यांनी मोठा छापून आणलेला फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी नुसतं पाहिलं आणि टोपी काढून बाजूला ठेवली.

"साहेब, पुन्हा बाई."

"पक्षी पाहा ना, सर."

"कुठं आहे पक्षी? यंदाही नाहीच."

"बोट पाहा."

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला, फोटोवर नाक टेकवलं, माझ्या बोटाच्या टोकापासून खाली नजर नेली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मग ते इतके सावकाश सरळ झाले, की मला वाटलं त्यांच्या पाठीत उसण भरली.

"हा कुठं मिळाला तुम्हाला?"

"कळंब रोडवर. दक्षिणेस जीप."

त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र घेऊन त्याची घडी माझ्यावर ठेवली. म्हणजे फोटोतल्या माझ्यावर. नियम आठवला असावा. आता नुसता पाला दिसत होता. त्यांनी पाहिलं, पाहत राहिले, आणि पक्षी हरवला. वर्तमानपत्र उचललं, बोट पाहिलं, पक्षी सापडला. पुन्हा झाकलं, पुन्हा हरवला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी हट्टाने नखाने खूण करून ठेवली आणि झाकलं, आणि खुणेशी एक पान होतं. चहा गार झाला. आयुष्यभर पक्षी पाहिलेल्या माणसाची अशी अवस्था मला पाहवेना, पण खोटं कशाला बोलू, मी पुरेपूर पाहिली.

"बाईंना ठेवावं लागेल," ते शेवटी म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्यांदाच आमच्या घरात एका नियमाला मरताना पाहत होते. "सर," मी म्हटलं, "अहो, मुंगळा चावत होता मला तेव्हा. तोंड पाहा माझं!"

"तोंडाकडे कोण पाहतंय बाई," मुख्याध्यापक म्हणाले, "लोक पक्षी पाहतील."

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी जाणार नव्हते. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मिस्त्रींनी अत्तर लावलं, आणि दोघं दारात असे उभे राहिले, की जावंच लागलं. सभागृहात भिंतीभर पाखरं होती. सुंदर, एकेकाच्या पिसावरचं पाणी दिसेल असे फोटो. हळद्या, शिंजीर, धनेश, पंख उघडलेला नीलपंख. आणि मधोमध, जांभळ्या रेशमी साडीत, खेळाच्या बुटांत, गजरा, पाटी आणि प्रसादाच्या पिशवीसह, तोंड वासून, डोळ्यांत पाणी आणून, जमिनीकडे बोट दाखवत मी. खाली चिठ्ठी: 'रातवा. पंच: दोन.'

सगळ्यात जास्त गर्दी त्याच फोटोपुढे. मुख्याध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे लोक पक्षीच शोधत होते. माझ्या वर्गातल्या मुली पैज लावून शोधत होत्या. "सापडला!" "कुठं?" "बाईंच्या नखापासून सरळ खाली!" "अगं बाप्पा, हो की!" प्रत्येक "हो की" ऐकला की हे हात मागे बांधून पायाच्या बोटांवर थोडे उंच होत आणि परत खाली येत. एक दोन जण तर शोधून दमले आणि यांनाच विचारू लागले, साहेब, तुम्हाला दिसला तरी कसा? "मले नाही दिसला," हे सांगत होते. "हिले दिसला." मग माझ्याकडे बोट दाखवत. सवय जाते थोडीच. मीही, खरं सांगायचं तर, जरा सैलावले. मनात आलं, चला, तोंडाकडे कोणी पाहत नाही.

दुपारी बाजाराला आलेली एक म्हातारी, हातात भाजीची पिशवी, नातीला घेऊन सावलीला म्हणून आत शिरली. नात पाखरांपुढून पळत सुटली. म्हातारी सावकाश एकेक फोटो मागे टाकत आली आणि माझ्या फोटोपुढे थांबली. तिने पक्षी शोधला नाही. तिने पाटी पाहिली, बोट पाहिलं, माझं रडवेलं तोंड पाहिलं. मग तिने मान वळवली, शेजारी उभ्या असलेल्या मला ओळखलं, मागे हात बांधून उभ्या असलेल्या यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जणू ही माणसं, ही पद्धत तिच्या चांगल्या ओळखीची आहे. भाजीची पिशवी खाली ठेवून तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि अख्खं सभागृह गप्प होईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"अवं माय! बाई, नुकसान कायचं झालं वो तुमचं?"